बक्षीस मिळालेले मायक्रोस्कोपचे फोटो: रंग खरे असतात का, आणि कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपवर असं काही निघतं का?

प्रश्न असा आहे. नाशिकमध्येच बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय की सर, बायोमेडिकल रिसर्चमधले जे मायक्रोस्कोपचे फोटो बक्षिसं जिंकतात ना, निळे, नारिंगी, हिरवे झगमगीत, ते रंग खरे असतात का फोटोशॉपमध्ये भरलेले असतात? आणि आमच्या लॅबमध्ये साधाच मायक्रोस्कोप आहे, आयपीसला मोबाईल लावून फोटो काढतो, त्याच्यावर स्पर्धेला पाठवण्यासारखं काही निघेल का?

मी हिस्टोपॅथॉलॉजीत आहे, म्हणजे टिश्यू मायक्रोस्कोपखाली बघून आजार ओळखायचा, नाशिकलाच प्रॅक्टिस, दिवसभर स्लाइडच बघतो, आणि हे फोटो दरवर्षी आले की एकेक मोठा करून बघत बसतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी रंगाचं. बहुतेक फ्लुरोसन्स फोटोंमध्ये, म्हणजे चमकणारं लेबल लावून काढलेल्या फोटोंमध्ये, जो रंग तुला दिसतो तो पेशीचा स्वतःचा रंग नसतो, पण तो मनाने भरलेला पण नसतो. पेशी जवळजवळ पारदर्शक असते, बिनस्टेनची पेशी साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवलीस तर काठ सोडून फारसं काही दिसत नाही हे तू पाहिलं असशील. मग रिसर्चवाले काय करतात, तर त्यांना जे बघायचंय त्यालाच चमकणारं लेबल चिकटवतात. डीएनए बघायचाय तर डॅपी, हा रेणू डीएनएला जाऊन बसतो आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की निळा चमकतो, मूळचा तो स्लीपिंग सिकनेसवर औषध शोधता शोधता तयार झालेला. पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे बघायचेत तर फॅलॉइडिन, हे डेथ कॅप नावाच्या विषारी मशरूममधलं विष आहे आणि ते ॲक्टिनला इतकं घट्ट धरतं की स्टेन म्हणून त्याला तोड नाही. बाकी प्रोटीनसाठी अँटिबॉडी, म्हणजे नेमकी त्याच प्रोटीनला चिकटणारी, आणि त्या अँटिबॉडीवर बसणारी दुसरी चमकणारी अँटिबॉडी. आणि जिवंत प्राण्यात बघायचं असेल तर जेलीफिशचं जीएफपी, ज्याच्यासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्याचं जीन प्राण्यातच घालतात म्हणजे प्राणी स्वतःच चमकणारं प्रोटीन बनवतो.

आता गंमत अशी की कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा, म्हणजे लेसरने सॅम्पलचा एकेक पातळ थर टिपणाऱ्या मशीनचा, डिटेक्टर रंग बघतच नाही. तो फक्त मोजतो, या ठिकाणाहून या वेव्हलेंग्थचा किती प्रकाश आला, बस. प्रत्येक लेबलची एकेक ब्लॅक अँड व्हाइट इमेज मिळते आणि नंतर कॉम्प्युटरवर ठरवतात की या चॅनेलला निळा द्या, त्याला पिवळा द्या. म्हणजे कुठे काय आहे आणि किती आहे हे खरं, रंग मात्र निवडलेला. शाळेच्या नकाशात नाशिक जिल्हा गुलाबी छापलेला असतो म्हणून इथली माती गुलाबी होत नाही, पण जिल्ह्याची हद्द मात्र खरीच असते, तसं आहे हे. त्यामुळे असा फोटो बघताना पहिला प्रश्न 'रंग खरा का' हा विचारू नकोस, 'या रंगाने काय दाखवलंय' हे विचार, आणि ते कॅप्शनमध्ये लिहिलेलं नसेल तर तो फोटो कितीही सुंदर असला तरी माझ्या दृष्टीने अर्धाच आहे.

आमच्या पॅथॉलॉजीच्या स्लाइडचं वेगळं आहे, तिथे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन लावलेलं असतं, हिमॅटॉक्सिलिन म्हणजे लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडातून निघणारा रंग, त्याने न्यूक्लियस निळाजांभळा होतो आणि इओसिनने बाकी सगळं गुलाबी. तो रंग स्लाइडमध्ये खरोखर असतो, डोळ्याने दिसतो तोच कॅमेऱ्यात येतो. आणि तिसरा प्रकार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा. तिथे प्रकाशच नाही, इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही, मूळ इमेज कायम राखाडी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा रंगीत फोटो दिसला की समजायचं नंतर कोणीतरी बसून रंगवलाय, त्यात फसवणूक नाही, पण तसं लिहायला पाहिजे. करोनाचा तो राखाडी गोळा आणि त्यावर लाल काटे, जो आपल्याकडे सगळ्या बॅनरवर होता, तो तर फोटोसुद्धा नव्हता, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी केलेलं इलस्ट्रेशन होतं ते. खरा फोटो बघायचा असेल तर आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे व्हायरसवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या पेशंटच्या घशाच्या स्वॅबमधून घेतलेली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची इमेज बघ, राखाडी, धूसर, एक कण साधारण ७५ नॅनोमीटरचा. मला विचारशील तर त्या बॅनरवरच्या चित्रापेक्षा ही धूसर इमेज जास्त थरारक आहे, कारण तो खरोखर तिथे असलेला व्हायरस आहे.

आता बक्षिसांकडे येतो. यातली सगळ्यात जुनी आणि नावाजलेली स्पर्धा म्हणजे निकॉन स्मॉल वर्ल्ड, १९७५ पासून चालू आहे. ती फक्त बायोमेडिकलची नाही हे आधी लक्षात घे. २०१५ ला मधमाशीच्या डोळ्यावर बसलेल्या परागकणांचा फोटो पहिला होता, २०१८ ला भुंग्यासारख्या एका किड्याचा डोळा, २०२५ ला तर तांदळाच्या दाण्यावर बसलेला आपला पोरकिडाच, पंख पसरलेला, चीनच्या झांग यू यांनी काढलेला. घरोघरी तांदळात निघतो तो किडा जगात पहिला आला. पण मधली बरीच वर्षं रिसर्च लॅबमधलेच फोटो जिंकलेत आणि ते बघण्यासारखे आहेत.

त्यातला माझा सगळ्यात आवडता २०२० चा. डॅनियल कॅस्ट्रानोव्हा, तेव्हा अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करत होते, त्यांनी झेब्राफिशच्या लहान माशाचा वरून घेतलेला फोटो. हाडं आणि खवले निळे, आणि लिम्फच्या, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या, वाहिन्या नारिंगी. ३५० पेक्षा जास्त इमेज जोडून तो एक फोटो झालाय. आता तू म्हणशील छान दिसतो, पुढे काय. पुढे हे की हे काम चालू असताना त्यांना या माशाच्या कवटीच्या आत लिम्फच्या वाहिन्या सापडल्या. तोपर्यंत समज असा होता की अशा वाहिन्या फक्त सस्तन प्राण्यांत असतात. आता माशात सापडल्या म्हणजे काय झालं, तर झेब्राफिश लहान असतो, लहानपणी जवळजवळ पारदर्शक असतो, लॅबमध्ये ढिगाने वाढवता येतो, त्यामुळे मेंदूभोवतीच्या लिम्फचा अभ्यास जो उंदरात करायला फार किचकट होता तो जिवंत माशात थेट बघत करता येतो, मग त्यात इन्फेक्शन आलं, कॅन्सर आला, मेंदूचे आजार आले. मी दिवसभर लिम्फनोड कापून बघणारा माणूस, कॅन्सर पसरलाय का हे लिम्फनोडवरून सांगतो, त्यामुळे कुणीतरी त्या वाहिन्या अख्ख्या माशात एका नजरेत उभ्या केल्यात हे बघून मला खरंच भरून आलं होतं. आम्हाला सेक्शनमध्ये, म्हणजे टिश्यूच्या पातळ कापात, लिम्फची वाहिनी म्हणजे पातळ भिंतीची एक रिकामी फट दिसते, शेजारच्या चिरेपासून ओळखायला सुद्धा कधी कधी वेगळा स्टेन मागवावा लागतो. आणि इथे त्यांचं अख्खं जाळं.

२०२२ चा पण असाच, जिनिव्हा युनिव्हर्सिटीचे ग्रिगोरी टिमिन आणि मिशेल मिलिंकोविच, मादागास्करच्या एका मोठ्या गेको पालीच्या गर्भाचा पंजा. पंजा जेमतेम ३ मिलिमीटरचा, पण कॉन्फोकलच्या एका वेळेला त्याचा बारीकसा तुकडाच दिसतो, म्हणून ३०० तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात खोलीनुसार साधारण २५० थर, दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ मशीन चालू, डेटा सुमारे २०० जीबी. आणि त्याच्याही आधी तो पंजा पारदर्शक करून घेतलेला, कारण टिश्यू मुळात प्रकाश पसरवतो, खोलवरचं काही स्पष्ट दिसत नाही, मग केमिकलने टिश्यूच्या आतला आणि बाहेरचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स सारखा करून घेतात. त्यातल्या नसा एकेक मोजता येतील अशा दिसतात.

२०२३ चा ऑस्ट्रेलियातल्या हसनैन कंबारी यांचा, उंदराच्या डोळ्यातली ऑप्टिक नर्व्ह जिथून बाहेर पडते ती जागा, ॲस्ट्रोसाइट म्हणजे नसांना आधार देणाऱ्या पेशी पिवळ्या, आकुंचन पावणारी प्रोटीन लाल, रक्तवाहिन्या हिरव्या. त्यांचं काम डायबेटिसमुळे रेटिना खराब होण्यावर आहे, आणि आपल्याकडे घरटी एक डायबेटिसवाला असताना हा विषय किती जवळचा आहे हे तुला सांगायला नको. २०२४ चा ब्रुनो सिस्टर्ना यांचा उंदराच्या ब्रेन ट्यूमरच्या पेशींचा, ॲक्टिन, मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या आतल्या बारीक नळ्या) आणि न्यूक्लियस. त्यांनी नुसतं स्टेनिंग जमवायला तीन महिने घालवले. २०१७ चा नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या ब्राम व्हॅन डेन ब्रूक यांचा, माणसाच्या त्वचेच्या पेशींमधलं केराटिन, आणि २०१६ चा ऑस्कर रुइझ यांचा, चार दिवसांच्या झेब्राफिशच्या पिल्लाचा चेहरा, ओठ फाटलेला किंवा टाळू फाटलेली मुलं का जन्मतात हे समजून घेण्याच्या कामातून आलेला.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. तीन महिने स्टेनिंगवर गेले हे वाक्य परत वाच. फोटो काढायला किती वेळ गेला असेल? फार तर एखादा दिवस. माझं ठाम मत आहे, आणि इतकी वर्षं स्लाइडवर काढल्यावर ते आणखी पक्कं झालंय, की मायक्रोस्कोपचा चांगला फोटो मायक्रोस्कोपवर ठरत नाही, त्याच्या आधी टेबलावर ठरतो. सॅम्पल कसं घेतलं, कधी फिक्स केलं म्हणजे केमिकलने आहे तसं टिकवलं, किती पातळ कापलं, स्टेन कसा लागला, कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिला का. कॅमेरा नंतरचा.

आमच्याकडचं उदाहरण देतो. टिश्यू काढल्याबरोबर फॉर्मलिनमध्ये गेला नाही तर पेशी स्वतःलाच पचवायला लागतात, न्यूक्लियसचे काठ धूसर होतात, आणि मग जगातला सगळ्यात महागडा लेन्स लावलास तरी तो धूसरपणा जात नाही कारण तो सॅम्पलमध्येच आहे. मग पॅराफिनचा ब्लॉक, तो मायक्रोटोम नावाच्या कापायच्या मशीनवर ३ ते ५ मायक्रॉनला कापायचा. एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी मेण मऊ पडतं, सेक्शन चुरगळतो, म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवून गार करून मगच कापतात. ब्लेडला कुठे खाच असेल तर सेक्शनभर एक सरळ रेघ येते. वॉटरबाथवर रिबन, म्हणजे कापलेल्या सेक्शनची पट्टी, तरंगवताना घडी राहिली तर ती घडी स्लाइडवर गडद पट्टा म्हणून कायमची. आमचे जुने टेक्निशियन नुसतं रिबन कशी सुटतेय ते बघून सांगतात की आजचा सेक्शन चांगला येणार का नाही. खरे फोटोग्राफर ते आहेत.

रक्ताच्या स्मिअरचं पण तसंच. लीशमन स्टेन लावताना पाण्याचा पीएच ६.८ च्या आसपास पाहिजे, नळाचं पाणी घेतलंस आणि ते अल्कलाइन निघालं तर सगळं निळंनिळं येतं, ॲसिडिक असेल तर लालच लाल. म्हणून बफर बनवून वापर. स्टेन स्लाइडवर सुकू दिलास की त्याचे कण बसतात, आणि ते कण फोटोत असे दिसतात की नवशिक्याला मलेरियाचे पॅरासाइट वाटावेत. स्मिअर जाड असेल तर लाल पेशी एकावर एक चढतात, शेपटीकडचा भाग जिथे त्या शेजारी शेजारी सुट्या पडलेल्या असतात तिथेच फोटो काढायचा.

आता तुझा दुसरा प्रश्न, साध्या मायक्रोस्कोपचा. निघतं, नक्की निघतं, पण आधी एक गैरसमज डोक्यातून काढ. मुलं मला नेहमी विचारतात की सर हा किती एक्सचा फोटो. एक्स मोठा म्हणजे फोटो मोठा असं काही नाही. रुइझ यांचा पहिला आलेला फोटो १० एक्स ऑब्जेक्टिव्हवरचा, म्हणजे सॅम्पलजवळच्या लेन्सवरचा, आहे आणि पोरकिड्याचा तर ५ एक्सवरचा. बारकावा किती दिसणार हे ठरतं प्रकाशाच्या वेव्हलेंग्थवर आणि ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल ॲपर्चरवर, म्हणजे तो लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतो त्यावर, जो आकडा ऑब्जेक्टिव्हवरच कोरलेला असतो, अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये हे दाखवून दिलं. तुमच्या ४० एक्सवर बहुतेक ०.६५ लिहिलेलं असेल, म्हणजे हिरव्या प्रकाशात साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा बारकावा. ऑइल इमर्शनचा १०० एक्स घेतलास, १.२५ वाला, तर पाव मायक्रॉनच्या थोडं वर. त्याच्या पलीकडे मोबाईलवर दोन बोटांनी कितीही ताण, फक्त धूसरपणा मोठा होईल. ही मर्यादा ओलांडायची युक्ती काढणाऱ्या बेत्झिग, हेल आणि मर्नर यांना २०१४ चं नोबेल मिळालं, पण ती मशीन वेगळी, तुझ्या फोटोला त्यांची गरज नाही.

तुझ्या हातात आहे ते कर. कंडेन्सर, म्हणजे स्टेजखालचा प्रकाश एकवटणारा लेन्स, वर घे आणि त्याचं डायफ्राम नीट लाव, अर्ध्या कॉलेजांमध्ये कंडेन्सर खाली पडलेला असतो आणि सगळे म्हणतात मायक्रोस्कोप खराब आहे. लेन्स पुसायचा तो लेन्स पेपरनेच, रुमालाने नाही. पावसाळ्यात आपल्याकडे, त्यातून इगतपुरी-त्र्यंबककडे तर विचारूच नको, लेन्सला आतून बुरशी धरते, तिचे धागे दिसायला लागले की प्रत्येक फोटोत एक धुकट पडदा येतो, म्हणून मायक्रोस्कोप झाकून आणि सिलिका जेलची पुडी ठेवून वापरायचा. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची घे, ४० एक्सवर याने खरंच फरक पडतो. मोबाईल हातात धरू नकोस, आयपीसवर बसणारा ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो, फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, व्हाइट बॅलन्स स्लाइडच्या रिकाम्या जागेवर कर, आणि त्याच सेटिंगवर रिकाम्या जागेचा पण एक फोटो काढून ठेव म्हणजे लेन्सवरची धूळ आणि कडेचा काळपटपणा नंतर वजा करता येतो. आणि एकच फोटो काढू नकोस. फाइन नॉब थोडाथोडा फिरवत एकाच जागेचे बरेच काढ आणि मग ते स्टॅक कर, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक फोटो कर, आणि शेजारशेजारच्या जागा जोडून मोठा फोटो कर. फिजी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एनआयएचच्या इमेजजेवर उभं केलेलं, रिसर्चमधले लोक तेच वापरतात, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल.

विषय म्हणशील तर आपल्या जिल्ह्यात विषयांचा दुष्काळ नाही. कांदा घे, लासलगावचा घे. पापुद्रा सगळे बघतात, तू मूळ बघ. कांदा ग्लासच्या तोंडावर असा ठेव की बूड पाण्याला टेकेल, मुळं फुटतील, त्यांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडमध्ये तीनास एक फिक्स कर, एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० डिग्रीला थोडा वेळ मऊ कर, ॲसिटोकार्मिन लाव आणि कव्हरस्लिपवर फिल्टर पेपर ठेवून अंगठ्याने सरळ दाब, अंगठा सरकू द्यायचा नाही. कांद्याची १६ क्रोमोझोम आहेत, मोठी आहेत, हा दाबलेला नमुना म्हणजे स्क्वॅश, तो चांगला बसला तर एकेक मोजता येतात आणि ॲनाफेजमध्ये, म्हणजे पेशी विभागतानाच्या एका टप्प्यात, दोन्हीकडे ओढली जाताना दिसतात. हा बायोमेडिकलचाच विषय आहे, कारण पेशी विभागताना जे बिघडतं तिथूनच तर आमचा कॅन्सर सुरू होतो, आणि केमिकलचा क्रोमोझोमवर काय परिणाम होतो हे तपासायला कांद्याच्या मुळाची टेस्ट जगभर वापरतात. गोदावरीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्यात कांदे लावून त्यांची मुळं शेजारी शेजारी दाखवलीस तर तो फोटो काहीतरी विचारतोय असं वाटेल, आणि मला अशा फोटोंची फार ओढ आहे.

द्राक्षाचं पान घे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी हा रोग येतो, पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते, ती सुईने उचलून पाण्याच्या थेंबात बघ, फांद्या फुटलेली दांडी आणि टोकांवर लंबगोल स्पोरँजिया म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, साध्या १० एक्सवर दिसतात. बागायतदाराला हा फोटो दाखव, त्याचे डोळे चमकतील.

पोलराइज्ड लाइट, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश, करून बघ. पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे, एक दिव्यावर, एक आयपीसवर, एक फिरवत जा जोपर्यंत मागचं सगळं काळं होत नाही. मग बटाट्याच्या स्टार्चचे कण ठेवलेस तर प्रत्येकावर काळी फुली उमटते, आणि आजूबाजूचा भाग चमकतो. हे रंग आणि ही चमक कुणी भरलेली नाही. आम्ही गाउटच्या पेशंटच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे सुईसारखे क्रिस्टल असेच शोधतो, आणि ॲमिलॉइड, म्हणजे टिश्यूत साचलेलं बिघडलेलं प्रोटीन, असेल तर काँगो रेडने स्टेन करून पोलराइज्ड लाइटमध्ये हिरवट चमक बघतो, तेच निदान.

आणि एक विषय जो मला मनापासून वाटतो कुणीतरी नाशिकमधून नीट करावा, तो सिकल सेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचा. सुरगाणा, पेठ या पट्ट्यातून येणाऱ्या पेशंटमध्ये हा आजार दिसतो, २०२३ मध्ये केंद्राने त्याच्यासाठी राष्ट्रीय मिशन पण सुरू केलंय. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून कव्हरस्लिपच्या कडा सील करायच्या, ऑक्सिजन कमी होत जातो आणि डोळ्यादेखत ७-८ मायक्रॉनच्या गोल पेशी वाकड्या, टोकदार व्हायला लागतात. ठरावीक वेळाने फोटो काढत गेलीस तर एका स्लाइडवर अख्खा आजार उलगडतो. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचं वर्णन पहिल्यांदा छापलं तेही स्मिअर बघूनच. पण हे तू एकटीने करायचं नाही. पेशंटचं रक्त म्हणजे पेशंटची लेखी संमती, कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, हातात ग्लोव्ह्ज आणि शेजारी तुमचे सर किंवा मॅडम, आणि फोटोवर किंवा फाइलच्या नावात पेशंटचं नाव, नंबर, गाव काहीही नको. गावातलं कुणाला काय आहे हे एका फोटोवरून बाहेर गेलं तर लग्नं मोडतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

एडिटिंगचं विचारलं नाहीस पण सांगतो, कारण याच्यावरून लोकांची करिअर संपलीत. संपूर्ण फोटोचा ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट सारखा बदलला, चालतं. एकाच पेशीचा उजळ केला आणि बाकीच्यांचा नाही, चालत नाही. नको असलेली पेशी पुसली, दुसरीकडची आणून चिकटवली, तर रिसर्चमध्ये ती सरळ सरळ लबाडी. एलिझाबेथ बिक या मायक्रोबायोलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरमधल्या इमेज डोळ्याने तपासल्या आणि त्यातल्या ३.८ टक्के पेपरमध्ये गडबडीच्या इमेज सापडल्या. स्पर्धेचे नियम पेपरपेक्षा सैल असतात, तिथे धूळ साफ केलेली चालते, स्टॅक केलेलं चालतं, पण काय काय केलं ते लिहून द्यावं लागतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची कॉपी करून कॉपीवर काम, आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची नाही, तो फोटो दाबून टाकतो आणि बारकावा गेला की गेला. रंग निवडायची वेळ आली तर लाल आणि हिरवा शेजारी टाळ, कितीतरी पुरुषांना त्या दोन रंगांत फरक दिसत नाही, मॅजेंटा आणि हिरवा घे. आणि स्केलबार म्हणजे लांबी दाखवणारी रेघ टाक, एक्स लिहून काही कळत नाही कारण स्क्रीन बदलला की एक्स बदलतो, स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक पट्टी कोरलेल्या स्लाइडचा) एक फोटो त्याच सेटिंगवर काढून ठेवलास की फिजी बाकीचं करतं.

फ्लुरोसन्स करायचंच असेल तर कॉन्फोकल मशीन कोटींच्या घरात जातं, ते कॉलेजकडे मागू नकोस. सरकारी पैशाने घेतलेली अशी यंत्रं बाहेरच्यांना फी भरून वापरता येतात, आय-स्टेम नावाच्या पोर्टलवर कुठल्या संस्थेत काय आहे ते दिसतं, आणि आयआयटी मुंबईच्या सैफ या यंत्रं वापरायला देणाऱ्या विभागात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सॅम्पल देता येतं. पुणे-मुंबई आपल्याला किती लांब आहे, सकाळी निघून रात्री परत. पण कॉलेजच्या लेटरहेडवर सरांच्या सहीने अर्ज कर, स्वतःच्या नावाने केलास तर कुठेतरी पडून राहील, आणि सॅम्पल आधी साध्या मायक्रोस्कोपवर तपासून चांगलं असल्याची खात्री करूनच ने, तिथे तासाचे पैसे लागतात.

स्पर्धेचं म्हणशील तर निकॉनला प्रवेश फी नाही, हौशी माणूससुद्धा पाठवू शकतो, मुख्य अट अशी की फोटो लाइट मायक्रोस्कोपवरचा पाहिजे, इलेक्ट्रॉनचा घेत नाहीत. एका माणसाला तीन फोटो, आणि मुदत साधारण एप्रिलअखेर असते पण त्या वर्षीचे नियम त्यांच्या साइटवर बघून घे. परीक्षक चार गोष्टी बघतात, वेगळेपणा, माहिती किती मिळते, टेक्निकल काम किती नीट आहे आणि डोळ्याला कसं वाटतं. त्यामुळे कॅप्शनवर मेहनत घे. सॅम्पल काय, स्टेन काय, ऑब्जेक्टिव्ह कुठलं, किती फोटो जोडले, आणि हे का बघत होतीस, हे चारपाच ओळींत येऊ दे. मे महिन्यात परीक्षा असतील म्हणजे फोटोचं काम तुला डिसेंबर-जानेवारीतच उरकायला हवं, तेव्हा कांदे आत्ताच पाण्यावर ठेव, मुळं फुटायला दोनतीन दिवस लागतात आणि पहिले काही स्क्वॅश फुकट जाणारच आहेत. एखादा बरा जमला की मूळ फाइल मला मेल कर, सेक्शन बघतो तसाच बघून सांगेन.